मोटारींच्या किरकोळ दुरुस्तीची रास्त मजुरी आणि स्वतः करावयाची दुरुस्ती : एक विवेचन

सारांश

खासगी मोटार ही आता मध्यमवर्गीय कुटुंबाची नित्याची वस्तू झाली आहे. इंजिन उघडण्यासारख्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च मालक नाइलाज म्हणून स्वीकारतो. परंतु हवेचा फिल्टर, बल्ब, वायपर, बॅटरी अशा किरकोळ कामांची मजुरी मात्र त्याला खटकते. ‘दहा मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे?’ हा प्रश्न आणि ‘मग स्वतःच करून घ्या’ हे त्यावरचे उत्तर, या दोहोंमागे अर्थशास्त्रातील काही मूलभूत तत्त्वे दडलेली आहेत. प्रस्तुत लेखात किरकोळ दुरुस्तीच्या मजुरीची घडण, ग्राहक व मेकॅनिक यांच्यातील माहितीची विषमता आणि स्वतः दुरुस्ती करण्याचा खरा हिशेब यांचे विवेचन केले आहे. स्वतः दुरुस्ती करता येण्याची शक्यता हीच रास्त मजुरीची खरी हमी होय, असे प्रतिपादन लेखाच्या शेवटी केले आहे.

बीजसंज्ञा : रास्त मजुरी, किरकोळ दुरुस्ती, माहितीची विषमता, संधी-खर्च, दुरुस्तीचा हक्क.

१. प्रस्तावना

वस्तूची किंमत आणि श्रमाची किंमत यांकडे पाहण्याची आपली दृष्टी एक नसते. दुकानातून घेतलेल्या फिल्टरच्या वेष्टनावर छापील किंमत असते आणि ती आपण फारशी घासाघीस न करता देतो. तोच फिल्टर बसवण्याची मजुरी मात्र कोठेही छापलेली नसते. ती मेकॅनिकच्या तोंडून येते, त्यामुळे ती ‘सांगितलेली’ वाटते. ‘ठरलेली’ वाटत नाही. त्यातच काम ग्राहकाच्या डोळ्यांदेखत दहा मिनिटांत उरकले, तर आपण फसलो अशी भावना निर्माण होते. याउलट तेच काम सर्व्हिस सेंटरच्या बंद दारामागे दोन तासांनी पूर्ण झाले आणि संगणकावरचे बिल हाती आले, तर अधिक रक्कमही निमूटपणे दिली जाते.

या विसंगतीचा परिणाम केवळ ग्राहकाच्या खिशापुरता मर्यादित नाही. शहरांच्या उपनगरांत आणि तालुक्याच्या गावी रस्त्याकडेची लहान गॅरेजे हेच अनेक कुशल कारागिरांच्या उपजीविकेचे साधन आहे. कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून येतो, तर कोणी लहान वयात उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत काम शिकतो. त्यांच्या श्रमाचे मोल कसे ठरावे, हा अर्थशास्त्राइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती

किरकोळ दुरुस्तीच्या मजुरीत कोणकोणत्या घटकांचा समावेश होतो हे स्पष्ट करणे, ग्राहकाच्या अविश्वासाची आर्थिक कारणे शोधणे, आणि कोणते काम मालकाने स्वतः करावे व कोणते जाणकाराकडे सोपवावे याचे निकष सुचवणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे होत. विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. गॅरेजच्या हिशेबाचे आकडे हे सर्वेक्षणातून आलेले नसून केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

३. पार्श्वभूमी : उघडता येणाऱ्या गाडीकडून बंद गाडीकडे

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली पद्मिनी ही अनेक दशके मुंबईच्या टॅक्सीचे दुसरे नाव होती. या गाडीचे बॉनेट उघडले की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग, फॅन बेल्ट सारे डोळ्यांसमोर येत असे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट पॉलिश पेपरने घासणे, प्लगवरची काजळी काढणे, कार्बोरेटरच्या जेटमधील कचरा फुंकून काढणे ही कामे अनेक चालक रस्त्याच्या कडेला स्वतःच करीत. चार-सहा पाने, एक पक्कड आणि एक स्क्रूड्रायव्हर एवढ्या सामग्रीवर त्यांचे भागत असे. १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आलेली मारुती ८०० ही आकाराने वेगळी असली, तरी तिच्या आरंभीच्या कार्बोरेटर आवृत्त्यांत मालकाला हात घालता येईल इतकी मोकळीक होती.

पुढे इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले. प्रदूषणाची मानके कडक होत गेली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाली. या गाड्यांत इंजिनाच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवणारे संवेदक असतात आणि बिघाडाची नोंद सांकेतिक क्रमांकाच्या रूपाने साठवली जाते. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून सेवेतून बाद झाली. तिच्याबरोबर एक वाहनच काय ते गेले असे नाही. चालकाने आपली गाडी आपणच उघडून पाहावी ही सवयही तोवर मागे पडली होती.

या बदलाचा मजुरीशी थेट संबंध आहे. काम काय आहे हे मालकाला स्वतः कळत होते, तेव्हा त्याच्या मोबदल्याविषयी त्याचा अंदाज असे. गाडी मालकाला बंद झाली, तसा हा अंदाजही संपला. वास्तविक फिल्टर, बल्ब, वायपर, बॅटरी ही कामे आजही बहुतेक गाड्यांत पूर्वीइतकीच सोपी आहेत; परंतु संपूर्ण गाडीच अगम्य आहे अशी समजूत झाल्याने सोपी कामेही अगम्य वाटू लागली आहेत.

४. मजुरीची घडण

मजुरी म्हणजे हाताने काम केलेल्या मिनिटांची किंमत, असे ग्राहक गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत बरोबर आहे हे पाहण्यासाठी एका कल्पित गॅरेजचा हिशेब घेता येईल. मालक-मेकॅनिक व एक मदतनीस अशा दोघांच्या गॅरेजचे मासिक भाडे १५,००० रुपये, मदतनिसाचा पगार १४,००० रुपये, वीज व पाणी ३,००० रुपये, जॅक, कॉम्प्रेसर व हत्यारांची झीज ४,००० रुपये, ग्रीस, कापड, फोन आदी किरकोळ खर्च २,००० रुपये आणि मालकाच्या स्वतःच्या उपजीविकेसाठी ३०,००० रुपये धरले, तर महिन्याला ६८,००० रुपये केवळ मजुरीतून उभे राहावयास हवेत.

दोघे जण महिन्यातील २६ दिवस रोज ९ तास गॅरेजात असतात, म्हणजे एकूण ४६८ तास. पण यातील प्रत्येक तासाचे बिल होत नाही. सुटा भाग आणण्यासाठी दुकानात जाणे, ग्राहकाशी बोलणे, गाडी चालवून पाहणे, कामाची वाट पाहत बसणे आणि बिघडलेले काम विनामूल्य पुन्हा करून देणे यांत निम्मा वेळ जातो असे धरल्यास बिलाचे २३४ तास उरतात. ६८,००० रुपयांना २३४ ने भागले असता ताशी सुमारे २९० रुपये हा दर येतो. या दरात नफा नाही, आजारपणाची तरतूद नाही की मेकॅनिकच्या म्हातारपणाची सोय नाही.

आता हवेच्या फिल्टरचे काम पाहू. फिल्टर बदलण्यास दहा मिनिटे लागतात हे खरे. परंतु गाडी आत घेणे, तक्रार ऐकणे, योग्य फिल्टर मागवणे, बिल करणे व गाडी बाहेर काढणे मिळून अर्धा तास सहज जातो. ताशी २९० रुपयांप्रमाणे या अर्ध्या तासाचे १४५ रुपये होतात. म्हणजे ‘दहा मिनिटांचे दीडशे रुपये’ ही जी रक्कम ग्राहकाला अवाजवी वाटते, ती या हिशेबात केवळ खर्च भागवणारी ठरते. किरकोळ कामांत हा फरक ठळक होतो याचे कारण असे, की काम लहान असले तरी त्याभोवतीची तयारी लहान होत नाही. चार तासांच्या कामात वीस मिनिटांची तयारी विरून जाते. दहा मिनिटांच्या कामात ती कामाच्या दुप्पट ठरते.

याच ठिकाणी मजुरी घड्याळाप्रमाणे असावी की कामाप्रमाणे, हा प्रश्न उपस्थित होतो. घड्याळाप्रमाणे मजुरी दिली तर संथ व अकुशल हाताला अधिक आणि सराईत हाताला कमी पैसे मिळतील. प्रत्येक कामाला ठरावीक प्रमाणवेळ धरून दर लावण्याची पद्धत अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये रूढ आहे, ती यामुळेच. त्यात मेकॅनिकला कौशल्याचा लाभ होतो आणि ग्राहकाला रक्कम आगाऊ कळते. मात्र प्रमाणवेळ प्रत्यक्ष वेळेच्या कितीतरी पट लावली गेली, तर हीच पद्धत अन्यायाचे साधन बनते. तेव्हा दर कामाप्रमाणे असणे हे रास्त. परंतु तो काम सुरू होण्यापूर्वी सांगितला जाणे हे रास्तपणाचे आवश्यक अंग होय.

५. माहितीची विषमता आणि ‘पाहण्याचे पैसे’

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि खरेदीदाराला नसतो, तेव्हा चांगला माल बाजारातून हद्दपार होऊ लागतो. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत देण्यात आले. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये याच्याही पुढचा प्रकार मांडला. काही सेवा अशा असतात, की त्या घेतल्यानंतरही त्यांची गरज खरोखर होती का हे ग्राहकाला कळत नाही. अशा सेवांना ‘विश्वासाधिष्ठित’ म्हणता येईल. वैद्यकीय उपचार आणि मोटारदुरुस्ती ही त्यांची नेहमी दिली जाणारी उदाहरणे आहेत.

एका नित्याच्या प्रसंगावरून हे स्पष्ट होईल. सकाळी गाडी सुरू होत नाही आणि मालक म्हणतो, ‘बॅटरी गेली.’ वस्तुतः कारणे अनेक असू शकतात. बॅटरीचे आयुष्य संपले असेल. टर्मिनलवर पांढरट क्षार साचून जोड सैल झाला असेल. आल्टरनेटर चार्ज करीत नसेल. बेल्ट ढिला असेल. किंवा डिकीतील दिवा रात्रभर जळत राहिला असेल. यातील भेद साध्या व्होल्टमीटरने बऱ्याच अंशी करता येतो. उभ्या गाडीत पूर्ण चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन सुरू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असावा लागतो. ज्या मेकॅनिकने हे मोजून, टर्मिनल घासून, जोड आवळून गाडी सुरू करून दिली, त्याने ग्राहकाचे काही हजार रुपये वाचवलेले असतात. पण त्याने शंभर रुपये मागितले तर ‘नुसता पाना फिरवला’ असे ग्राहक म्हणतो. ज्याने काही न तपासता नवी बॅटरी बसवली, त्याला मात्र विक्रीवरील नफाही मिळतो आणि ‘काम केले’ याचे समाधानही ग्राहकाला मिळते. जुनी बॅटरी बदलीत घेऊन तिच्यातील शिशाची किंमतही त्याच्याकडे राहते.

प्रस्तुत विषयाचे मर्म या प्रसंगात आहे. ग्राहक निदानाचे, म्हणजेच पाहण्याचे, पैसे देण्यास तयार नसतो. डॉक्टरांनी तपासून ‘काही झालेले नाही’ असे सांगितले तरी त्यांची फी दिली जाते; मेकॅनिकने तेच सांगितले तर फुकट गेल्यासारखे मानले जाते. परिणामी निदानाचा खर्च अन्य मार्गाने, म्हणजे सुट्या भागांवरील नफ्यातून, वसूल करावा लागतो. मग जो भाग बदलण्याची गरज नाही तो बदलण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे. याचा अर्थ मेकॅनिकची लबाडी क्षम्य ठरते असा नव्हे. परंतु प्रामाणिक मेकॅनिकला तोटा आणि अप्रामाणिकाला लाभ होईल अशी रचना ग्राहकाच्या काटकसरीनेच उभी केली आहे, हे मान्य करावे लागते. अ‍ॅकरलॉफ यांच्या सिद्धान्तानुसार अशा बाजारातून प्रथम बाहेर पडतो तो प्रामाणिकच.

ग्राहकाने सुटा भाग स्वतः आणून देण्याचा प्रकारही याच दृष्टीने पाहावयास हवा. त्यात गॅरेजचा विक्रीवरील नफा जातो. भाग डुप्लिकेट निघाला तरी दोष मात्र बसवणाऱ्यावर येतो. अशा वेळी मेकॅनिकने थोडी अधिक मजुरी मागणे आणि भागाची जबाबदारी न घेणे रास्तच म्हणावे लागेल. भाग त्यानेच दिला असेल, तर त्याने छापील कमाल किमतीपेक्षा अधिक पैसे न घेणे आणि जुना भाग ग्राहकाच्या हाती देणे ही त्याच्या बाजूची बंधने होत.

६. रास्तपणाविषयीची लोकधारणा

बाजारभाव आणि रास्त भाव यांत लोक फरक करतात. डॅनियल काहनेमन, जॅक नेच व रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातील नागरिकांना एक प्रश्न विचारला होता. हार्डवेअरच्या दुकानात १५ डॉलरला मिळणारे बर्फ काढण्याचे फावडे मोठ्या हिमवर्षावानंतरच्या सकाळी दुकानदाराने २० डॉलर केले, तर ते योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोकांनी ते अयोग्य ठरवले. याच अभ्यासात असेही दिसून आले, की विक्रेत्याचा स्वतःचा खर्च वाढल्यामुळे भाव वाढला तर लोक तो मान्य करतात.

हा भेद आपल्याकडील व्यवहारालाही लागू पडतो. बोरघाटात रात्री अकरा वाजता टायर पंक्चर झाला आणि खोपोलीहून मेकॅनिक मोटारसायकलवर हवा भरण्याचे यंत्र घेऊन आला, तर त्याने दिवसाच्या दरापेक्षा अधिक पैसे घेणे रास्त आहे; कारण त्याची झोप, त्याचे पेट्रोल आणि अंधाऱ्या घाटातील धोका हा त्याचा खर्च आहे. परंतु मोटारीत लहान मुले आहेत व जवळ दुसरे कोणी नाही हे हेरून त्याने चौपट रक्कम सांगितली, तर तो खर्चाचा भाव राहत नाही. तो नडीचा भाव होतो. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ या म्हणीत ग्राहकाची जी अवस्था वर्णिली आहे, तिचा फायदा घेणारी मजुरी बाजाराच्या नियमाने शक्य असली तरी न्यायाच्या दृष्टीने रास्त ठरत नाही. हेच उलट बाजूनेही खरे आहे. पावसाळ्यातील मंदीत, हाती काम नसलेल्या मेकॅनिकला निम्म्या मजुरीत राबवून घेणारा ग्राहकही नडीचाच फायदा घेत असतो.

७. स्वतः दुरुस्ती करण्याचा खरा हिशेब

स्वतः काम केल्यास मजुरी वाचते, एवढाच विचार सामान्यतः केला जातो. रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये उद्योगसंस्थेविषयी जो प्रश्न विचारला, की एखादे काम बाजारातून करून घ्यावे की स्वतःकडे करावे, तोच प्रश्न येथे घरगुती पातळीवर उभा राहतो. बाजारातून काम करून घेण्यासही खर्च येतो. गॅरेजपर्यंत जाणे, तेथे थांबणे किंवा रिक्षाने परतणे, पुन्हा गाडी आणावयास जाणे आणि झालेल्या कामावर नजर ठेवणे, हा तो खर्च होय. वायपरचे पाते बदलण्यासाठी गॅरेजात घालवलेला अर्धा दिवस हा पाते बदलण्याच्या पाच मिनिटांपेक्षा कितीतरी महाग असतो. म्हणून अत्यंत लहान कामांत स्वतः करणे हे मजुरी वाचवण्यापेक्षा फेरी वाचवण्यासाठी अधिक फायद्याचे ठरते.

दुसऱ्या बाजूस स्वतःच्या वेळेचे मोल मांडावे लागते. ‘माझ्या तासाचा पगार मेकॅनिकच्या मजुरीहून अधिक आहे, म्हणून मी हे काम करणे तोट्याचे’ असा युक्तिवाद सुशिक्षित वर्गात वारंवार ऐकू येतो. तो सदोष आहे. मासिक वेतन घेणाऱ्या प्राध्यापकाला रविवारच्या सकाळच्या तासाचे वेगळे पैसे कोणी देत नाही. त्या तासाचा संधी-खर्च म्हणजे त्या वेळी जे वाचन, विश्रांती वा कुटुंबाचा सहवास घडला असता तो. ज्याला हाताने काम करण्यात आनंद वाटतो त्याच्यासाठी हा खर्च जवळजवळ शून्य असतो. ज्याला ते जाच वाटते त्याच्यासाठी तो मोठा असतो. मेकॅनिकच्या बाबतीत मात्र प्रत्येक तास विकला जाऊ शकतो, म्हणून त्याच्या वेळेची किंमत रुपयांतच मोजावी लागते.

करांचाही यात वाटा आहे. नोंदणीकृत सर्व्हिस सेंटरमधील मजुरीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. मोटारींच्या सुट्या भागांवर पूर्वी बहुतांशी २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ टक्के झाला. स्वतःच्या श्रमावर मात्र कर लागत नाही. शिवाय मजुरीचे पैसे हे प्राप्तिकर भरून उरलेल्या उत्पन्नातून द्यावे लागतात. म्हणजे शंभर रुपयांचे काम बाहेर करून घेण्यासाठी मालकाला शंभराहून बरेच अधिक कमवावे लागतात.

या हिशेबात बहुधा विसरले जाणारे तीन घटक म्हणजे हत्यारे, चूक आणि कचरा. वर्षातून एकदा इंजिन ऑइल बदलण्यासाठी जॅक, गाडी पेलणारे स्टँड, योग्य मापाचे पाने व तेल झेलण्याचे भांडे घेतले, तर तो खर्च वसूल होण्यास अनेक वर्षे जातील. तेलाच्या टाकीचा बोल्ट तिरका आवळून त्याचे आटे गेले, तर वाचवलेल्या मजुरीच्या अनेकपट भुर्दंड बसेल. आणि काढलेले काळे तेल गटारात ओतले, तर बचत मालकाची आणि नुकसान सर्वांचे, अशी स्थिती होईल. वापरलेले तेल हा घातक कचरा असून त्याच्या विल्हेवाटीसाठी २०१६ चे नियम आहेत. जुन्या बॅटरीसाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत.

८. कोणते काम कोणी करावे

वरील विवेचनावरून तीन कसोट्या पुढे येतात. कामात निदानाची गरज आहे का? विशेष हत्यारे लागतात का? आणि चूक झाल्यास तिचा परिणाम केवळ गैरसोयीचा होईल की जीवघेणा?

पहिल्या वर्गात तिन्ही प्रश्नांचे उत्तर अनुकूल असणारी कामे येतात. वायपरची पाती पावसाळ्यापूर्वी बदलणे, काच धुण्याच्या टाकीत पाणी भरणे, टायरमधील हवा तपासणे, हवेचा फिल्टर आणि वातानुकूलनाचा फिल्टर बदलणे ही ती कामे होत. यांतही किमान दक्षता लागते. हवेच्या फिल्टरची रबरी कड नीट बसली नाही, तर न गाळलेली धूळ थेट इंजिनात जाते.

दुसऱ्या वर्गात थोडी माहिती घेऊन करता येतील अशी कामे येतात. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब बदलताना काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा राहिलेल्या जागी काच अधिक तापते आणि बल्ब लवकर जातो. बॅटरी काढताना ऋण टर्मिनल आधी सोडावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. गाडीचे धातूचे अंग ऋण टोकाला जोडलेले असल्याने, धन टर्मिनल आधी सोडताना पाना अंगाला लागला तर मोठी ठिणगी पडते. पंक्चर झालेले चाक बदलताना नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये.

तिसऱ्या वर्गातील कामे जाणकाराकडेच सोपवावीत. ब्रेकचे पॅड बदलणे हे पाहण्यास सोपे काम आहे. परंतु पॅड बसवल्यावर पिस्टन जागेवर येईपर्यंत पेडल दाबून घेण्याचे राहिले, तर पहिल्याच वळणावर पेडल थेट खाली जाते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हे तर प्राणघातक ठरू शकते. एअरबॅगच्या वायरी, तसेच विद्युत व हायब्रिड गाड्यांतील नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारा यांना मालकाने हात लावू नये. येथे मजुरीत जबाबदारीचे मोल समाविष्ट असते आणि ते नाकारण्यात शहाणपणा नाही.

सांकेतिक क्रमांक वाचणारी लहान उपकरणे आता सहज मिळतात. ती उपयुक्त आहेत. पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे. इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते असे उपकरण सांगते. ते संवेदकामुळे, फाटलेल्या हवेच्या नळीमुळे की इंधनाच्या पंपामुळे, हे शोधणे अनुभवाचे काम असते.

९. कायद्याची भूमिका

स्वतः अथवा लहान गॅरेजात दुरुस्ती करण्याचा पर्याय तेव्हाच खरा असतो, जेव्हा सुटे भाग व माहिती खुल्या बाजारात मिळते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना न मिळू देणे हे स्पर्धेस मारक असल्याचा निष्कर्ष आयोगाने काढला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीलाही आयोगाने आक्षेप घेतला. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली. तथापि प्रश्नाचे स्वरूप या आदेशाने देशापुढे स्पष्ट केले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारींचा समावेश केला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, या विषयावरील संकेतस्थळ सुरू झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०१२ मध्येच मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा मोठ्या बहुमताने संमत केला होता.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. लहान गॅरेजवाल्याला कराची नोंदणी बंधनकारक नसली, तरी साध्या कागदावर भाग व मजुरी वेगळी लिहून देणे त्याला शक्य आहे. अशी पावती ग्राहकाइतकीच त्यालाही उपकारक ठरते. कारण तीत त्याच्या श्रमाला प्रथमच स्वतंत्र आकडा मिळतो.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. किरकोळ दुरुस्तीची मजुरी ही केवळ हाताच्या मिनिटांची नसून तयारी, निदान, हत्यारे आणि जबाबदारी यांचीही किंमत असते. मजुरी रास्त ठरण्यासाठी ती आधी सांगितलेली, खर्चावर आधारलेली आणि समोरच्याच्या नडीपासून मुक्त असावी. निदानाचे पैसे स्वतंत्रपणे देण्याची प्रथा ग्राहकांनी स्वीकारल्यास अनावश्यक भाग बदलण्याचा मोह कमी होईल आणि प्रामाणिक मेकॅनिक टिकून राहील.

स्वतः दुरुस्ती करणे हे प्रत्येकाने सर्व कामांत करावे असे नाही. परंतु ज्याने एकदा फिल्टर स्वतः बदलला आहे, त्याला त्या कामातील सोपेपणाही कळतो आणि कष्टही. तो दुसऱ्या वेळी गॅरेजात गेला तर फसत नाही आणि मेकॅनिकला फसवतही नाही. काही मालक स्वतः काम करू शकतात एवढ्या जाणिवेने इतर ग्राहकांसाठीही दर आटोक्यात राहतात. या अर्थाने स्वतः करण्याची शक्यता ही मेकॅनिकची स्पर्धक नसून रास्त व्यवहाराची हमी होय. गाडी मालकाला आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजला एकाच वेळी बंद होत गेली, तर ही हमी दोघेही गमावतील. आणि मग दर ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती गाडीची किल्ली नाही, हातात पानाही नाही, अशा तिसऱ्याकडेच जाईल.